जिधर देखो उधर तांबडी

आमच्या खात्यातले दगड वर्षातून दोनदा प्रवासाला निघत. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. माणसांनी हवापालट करावा हे मी समजू शकतो, पण दगडांनी? संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, तेव्हा राजधानी ग्वाल्हेरला की इंदूरला यावरून एवढी ओढाताण झाली की शेवटी थोडे महिने इकडे आणि थोडे महिने तिकडे असा तोडगा निघाला. राजधानी हलली की साहेबलोक हलायचे, साहेबलोक हलले की फायली हलायच्या, आणि आमचं खातं भूगर्भाचं असल्यामुळे फायलींच्या मागोमाग दगडांच्या पेट्याही ट्रकवर चढायच्या. ट्रक लागायचे त्या पडावावरचे हमाल आम्हांला ओळखून होते. "बाबूजी, फिर वही पत्थर?" असं ते विचारत. मी म्हणे, "वही." त्यावर त्यांच्यातला एक म्हातारा हटकून विचारी, "काए, इंदौर में पत्थर नईं मिलत का?" या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं, तर माझ्याकडे कुठून असणार!

मी लश्करचा. ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागात दक्षिणेतून आलेली मराठी घरं पिढ्यान्पिढ्या राहतात, ते लश्कर. आमची भाषा ऐकून पुण्याचे नातेवाईक पोट धरून हसतात. आम्ही म्हणतो "मला माहीत पडलं", "तो केव्हाच चालला गेला", "मी त्याला सांगून देईन". आम्हांला यात काही वावगं वाटत नाही. आणि हिंदी बोलायला लागलो की तिच्यात मराठी कुठून शिरते ते आमचं आम्हांला कळत नाही. तरीसुद्धा लश्करातल्या प्रत्येक मराठी माणसाची मनोमन खात्री असते की, आपलं मराठी शुद्ध, आपली हिंदी तर त्याहून शुद्ध, आणि गडबड करतात ते शेजारचे. ही खात्री लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

भूगर्भशास्त्र शिकून आलो, नोकरी लागली, आणि आईने आनंदाने शेजारणीला सांगितलं, "आमचा वसंता आता सरकारी दगड फोडतो." शेजारीण बिचारी सांत्वनालाच आली. दगड कुठे फोडायला लावतात ते तिला माहीत होतं ना!

तेव्हा आधी हे काम काय असतं ते सांगून टाकतो. नकाशा घेऊन रानोमाळ चालायचं. उघडा खडक दिसला की थांबायचं, हातोड्याने त्याचा कोपरा उडवायचा, भिंगातून बघायचं, कसला आहे ते ठरवायचं. खडकांचे थर बहुधा सपाट नसतात, छपरासारखे कलते असतात. छपरावर पाणी ओतलं तर ज्या बाजूला ओघळेल, ती उताराची बाजू. तो उतार कोणत्या दिशेला आणि किती, हे कंपासाने मोजून नकाशावर टिपायचं आणि पुढच्या खडकाकडे चालू लागायचं. अशी ढीगभर टिपणं जमली की, हा थर इथे जमिनीत बुडी मारतो आणि त्या टेकडीपलीकडे पुन्हा डोकं वर काढतो, असं म्हणता येतं. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही त्याचं चित्र काढायचं. मग कुठे खणायचं ते ठरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे खणायचं नाही ते ठरतं. "खणा" म्हटलं की लोक हार घालतात. "खणू नका" म्हटलं की चहासुद्धा विचारत नाहीत. मी आयुष्यभर बहुतेक वेळा "खणू नका" असंच म्हणत आलो, त्यामुळे माझं वजन कधी वाढलं नाही.

आमचा मुलूख मात्र खाणींचा जुना. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला पनिहारच्या बाजूला गेलात तर टेकड्या नुसत्या पोखरलेल्या दिसतील. कितीतरी पिढ्या तिथे लोखंड निघालं, लाकडी कोळशावर गाळलं गेलं. भट्ट्यांतून निघालेला काळा, जड मळ अजून ढिगाढिगाने पडलेला आहे. पावसाळ्यात तिथली वाट तुडवली तर धोतर असं रंगतं की धोबी दुसरा धोबी बघा म्हणून सांगतो. माती लाल, दगड लाल, ओढ्याचं पाणी लाल. लश्करातले आम्ही लोक त्या पट्ट्याला तांबडी म्हणत असू. कार्तिकात आवळीभोजनाला त्या बाजूला टांगे निघायचे. "यंदा कुठे?" "तांबडीला." बस्स.

आता बापूसाहेब निगुडकर. आमच्या ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन. संस्थानच्या वेळेपासूनचे. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कानावर पेन्सिल. आम्ही रानातून मळके, घामाने ओले, पेन्सिलीने गिचमिड केलेले कागद आणून त्यांच्यापुढे टाकायचो आणि ते त्यावरून शाईचा, रंगांचा पक्का नकाशा काढायचे. काय हात होता हो! ते रेघ ओढत असताना कुणी शिंकलं तर ऑफिसातले चार लोक त्याच्याकडे डोळे वटारून बघत. "रेघेला अब्रू असते," असं ते म्हणायचे. "एकदा शाईत उतरली की लोक तिच्यावर विश्वास ठेवून विहिरी खणतात."

आणि त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे हिंदी. मला म्हणायचे, "आठल्ये, तुम्ही तरुण लोक हिंदीत फार मराठी घालता. बात करायची तर अशी करायची की समोरच्याला माहीत पडू नये आपण दक्षिणी आहोत." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

बापूसाहेबांची मुलगी शरयू. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. मी नकाशाचे कागद पोचवायला त्यांच्या नया बाजारातल्या घरी जायचो. ऑफिसात देता आले असते, नाही असं नाही. एकदा मी तिला तांबडीवरचा एक दगड नेऊन दिला. लाल आणि करड्या रेघा एकाआड एक, घासून गुळगुळीत केलेला. मला वाटलं ती कपाटात ठेवील. पुढच्या खेपेला पाहतो तो दगड लोणच्याच्या बरणीत, कैऱ्यांवर दडपण म्हणून! "किती छान बसला आहे ना?" ती म्हणाली. "एकदम फिट. अजून एक आणून द्याल का, लिंबाच्या बरणीला?" त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

आईने शब्द टाकला. बापूसाहेब म्हणाले, "मुलगा चांगला आहे. घराणं ठाऊक आहे. पण एक सांगून देतो. शरयूची आई गेली तेव्हापासून आम्ही दोघंच. ही लश्कर सोडून कुठे जाणार नाही. तुमच्या वसंताचं ऑफिस इथेच राहिलं तर अक्षता. नाहीतर नाही."

आणि नेमकं तेव्हाच ऑफिस राहतं की जातं अशी पाळी आली. राज्यांची पुनर्रचना व्हायची होती. मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, ग्वाल्हेरची ऑफिसं कुठे कुठे वाटून टाकणार, अशा बातम्या रोज येत. दगडांना सहा महिन्यांचा प्रवास कळत होता, पण कायमचं जायचं म्हणजे काय! प्रत्येक खात्याची तपासणी करायला मिश्रा नावाचे एक बडे अधिकारी आले. उत्तरेकडचे, उंचनिंच, बोलणं तोलूनमापून. एकेका ऑफिसात बसायचे आणि एकच विचारायचे, "इस दफ़्तर की ग्वालियर में ज़रूरत क्या है?"

आमच्या ऑफिसात हा प्रश्न आला तेव्हा आमचे मोठे साहेब, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, पेपरवेट फिरवत बसले. ते लश्करचेच, पेन्शनला टेकलेले, आणि कुठल्याही प्रश्नावर "देखेंगे" म्हणायची त्यांना सवय. इथे "देखेंगे" चालण्यासारखं नव्हतं. भिंतीशी बापूसाहेब नकाशा धरून उभे होते. त्यांना राहवलं नाही. छाती पुढे काढून ते आपल्या सर्वोत्तम हिंदीत म्हणाले, "हुज़ूर, ज़रूरत कैसे नहीं? पनिहार के उस तरफ़ चलकर देखिए. कोस-दो कोस, जिधर देखो उधर तांबडी ही तांबडी!"

मिश्रासाहेब खुर्चीत सरळ झाले. "ताँबा? दो कोस तक?"

"जी हुज़ूर. बचपन से देख रहा हूँ."

"और किसी ने निकाला नहीं?"

"ऊपर-ऊपर से ले जाते हैं लोग, हुज़ूर. घर लीपने को."

तांब्याने घर सारवणारे लोक! मिश्रासाहेबांचे डोळे मोठे झाले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मिश्रासाहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. या सीझनमध्ये त्या सगळ्या टापूचा भूगर्भीय नकाशा करा. ताँबा असेल तर हे ऑफिस ग्वाल्हेरला राहील, इतकंच नव्हे तर वाढेल. राजधानी इंदूरला हलायच्या आत मी परत येतो.

साहेब गेले आणि ऑफिसात दिवाळी. मी बापूसाहेबांना बाजूला घेतलं. "बापूसाहेब, हिंदीत लालला लाल म्हणतात."

"मग?"

"तुम्ही तांबडी म्हणालात. ते ताँबा समजले."

"तांबडी शुद्ध हिंदी आहे. आमच्या घरी तीन पिढ्या नोकरांशी हिंदीत तांबडीच म्हणतात, आणि नोकरांना समजतं."

"नोकरांना सवयीने समजत असेल हो!"

"हे पाहा आठल्ये," बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "त्या माणसाला हिंदी येत नाही याला मी काय करू?"

तो माणूस काशीकडचा होता.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, जमिनीच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलं आहे? तू जा. निघेलही ताँबा. देखेंगे."

झालं! बैलगाडीवर तंबू, खाटा, पिठाचा डबा लादून मी निघालो. बरोबर हरप्रसाद नावाचा चपराशी, स्वयंपाकात तरबेज आणि चालण्यात चुकार. मी एकेका टेकडीवर चढत होतो आणि एकेक टेकडी मला सांगत होती की, बाबा रे, इथे लोखंड आहे. तळाशी ग्रॅनाइट, त्यावर वाळूचा दगड, त्यावर तो लालभडक पट्ट्यापट्ट्यांचा लोखंडी दगड, मधूनच चुनखडी. सगळं स्वच्छ, सुरेख, पुस्तकात छापावं असं. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी आनंदाने शीळ घातली असती. तांब्याची खूण असते ती हिरवी. खडकाच्या भेगांतून हिरवा, निळा डाग दिसतो, देवळातल्या जुन्या घंटेवर दिसतो तसा. मी हिरव्यासाठी डोळ्यांत तेल घालून हिंडत होतो. एकदा लांबून हिरवं दिसलं, धावत सुटलो, धडपडलो, गुडघा फोडून घेतला. जवळ जाऊन पाहतो तर कुणीतरी वाळत घातलेला शेला. त्या गावच्या बायका पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की कपडे उचलून घरात न्यायच्या.

हातोडी घेऊन हिंडणाऱ्या माणसाबद्दल गावोगाव काय काय समज असतात! कुणाला मी दडलेलं धन शोधणारा वाटायचो, कुणाला पोलिसांचा माणूस. खाकी कपडे पाहून एका वस्तीतले सगळे पुरुष ज्वारीत पळून गेले होते. आणि ज्यांना मी खरोखरीचा भूगर्भवाला आहे हे पटे, ते सगळे एकच विचारत, "साब, कुआँ कितै खोदें?" विहिरीच्या जागा मात्र मी मन लावून सांगितल्या. त्यातल्या बऱ्याच लागल्या. आजही त्या बाजूला मला कुणी ओळखत असेल तर पाणीवाले साहेब म्हणूनच.

आमचा तळ होता त्या गावच्या मुखियाचं नाव लाखन. मिशा मोठ्या, मन त्याहून मोठं. हरप्रसादने चुलीजवळ बसून त्याला सगळी हकीकत सांगून टाकली. ताँबा मिळाला तर ऑफिस राहतं, खाण निघते, पक्की सडक होते. आणि ऑफिस राहिलं तर साहेबाचं लग्न होतं. लाखनच्या गावाला सडक नव्हती. पावसाळ्यात आजाऱ्याला खाटेवर घालून चिखलातून न्यावं लागे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला, आणि उठून घरी गेला.

एका सकाळी तोच धावत आला. "साब! साब! निकर आओ! ताँबो निकर आओ!"

हातोडी विसरून मी तसाच पळालो. टेकडीमागच्या जुन्या खड्ड्यात अर्धं गाव जमलं होतं. लाखनने दगडांच्या फटीतून, भक्तिभावाने, एक चकाकता तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ताँबा खराच होता. त्यात वाद नाही. मी तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला कल्हई होती.

"मुखियाजी," मी म्हटलं, "ये ताँबा तो क़लई किया हुआ निकला."

लाखनने आभाळाकडे पाहून हात जोडले. "धरती मैया की लीला है, साब."

तेवढ्यात गावाच्या दिशेने एका बाईचा आवाज आला, सगळ्या खोऱ्यात घुमला. "अरे, हमाई बटलोई कौन लै गओ?" धरती मैयाचा तो आवाज ऐकून सगळं गाव माना खाली घालून उभं राहिलं, आणि मग कुणाला तरी हसू फुटलं. मीही खाली बसून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्यातलं सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. बायकोचा मार खाईल हे ठाऊक असताना लाखनने घरातलं एकुलतं एक चांगलं भांडं फोडलं होतं. मला वाईट वाटलं. त्याच्या सडकेचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचं जास्त वाटलं.

सीझन संपला. मी कागद घेऊन परत आलो आणि बापूसाहेबांपुढे पसरले. त्यांनी चष्मा चढवला, सगळा टापू बोटाने फिरून पाहिला. "वा!" म्हणाले. त्यांच्या तोंडून वा निघणं म्हणजे काय ते आमच्या ऑफिसातल्यांना विचारा. मग म्हणाले, "हिरवा कुठे लावायचा?"

"कुठेच नाही."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "कुठेच नाही?"

"कुठेच नाही, बापूसाहेब."

मोठ्या साहेबांना कळलं तेव्हा ते धावत आमच्या टेबलाशी आले. आमच्या धंद्यात एक सोय असते. थराची हद्द नक्की माहीत असेल तर सलग रेघ, अंदाजाची असेल तर तुटक रेघ, आणि अगदीच शंका असेल तर प्रश्नचिन्ह. मोठे साहेब म्हणाले, "निगुडकर, इथे, या कोपऱ्यात, एक छोटंसं हिरवं टिंब द्या आणि पुढे प्रश्नचिन्ह. बस. आपण कुठे म्हणतो ताँबा आहे? आपण तर विचारतो आहोत!"

एका प्रश्नचिन्हावर सगळ्या ऑफिसचं बिऱ्हाड टिकणार होतं. कुणाची मुलं शाळेत, कुणाची आई कंपू भागातल्या दवाखान्यात, कुणाचं घर अर्धं बांधून झालेलं. माझंही लग्न त्याच टिंबावर टांगलेलं होतं. सगळे बापूसाहेबांच्या हाताकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझी नजर त्यांना काय सांगेल याची मलाच खात्री नव्हती.

बापूसाहेबांनी हिरव्या रंगाची वाटी जवळ ओढली. ब्रश बुडवला. कागदावर नेला. मग तो ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला आणि ठेवून दिला.

"शंका असती तर काढलं असतं," ते म्हणाले. "याला शंका नाही. याच्या तोंडावरून माहीत पडतं."

मिश्रासाहेब ठरल्याप्रमाणे आले. टेबलावर नकाशा पसरला होता. अहो, काय नकाशा होता तो! लाल पट्टा असा उठून दिसत होता की खोली उजळली होती. मिश्रासाहेबांनी भिंग मागवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा बघितलं.

"ताँबा कहाँ है?"

मोठे साहेब पेपरवेटकडे बघू लागले.

"ताँबा नहीं है, साहब," मी म्हटलं. "लोहा है. हलका, मगर दूर तक."

मिश्रासाहेबांनी भिंग खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण खोली गार पडली. "ये बुज़ुर्ग बचपन से देख रहे हैं. गाँव के लोग घर लीपने को ले जाते हैं. दो कोस तक फैला है. और आप, पढ़े-लिखे वैज्ञानिक, पूरे सीज़न में एक डली नहीं ढूँढ पाए?" बाजूच्या कारकुनाला ते म्हणाले, "इनके बारे में लिखिए. अयोग्य."

ऑफिस जाणारच होतं, आता नोकरीही चालली होती. मी खरं सांगू शकत होतो. सहा शब्दांचं काम होतं. पण ते सांगायचं म्हणजे भरल्या सभेत बापूसाहेबांच्या हिंदीचा पंचा फेडायचा. ज्या माणसाने थोड्याच दिवसांपूर्वी ब्रश खाली ठेवला, त्याचा! ते माझ्याने होणार नव्हतं.

भिंतीशी हालचाल झाली. बापूसाहेब पुढे आले. टोपी सारखी केली. तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हिंदी सुचेना. मग ते सरळ मराठीत बोलले. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, रेघ ओढावी तसे.

"साहेब, तांबडी म्हणजे लाल. हा शब्द आमचा आहे. तुमचा नाही. चूक माझ्या जिभेची आहे, या मुलाची नाही. याने दिसलं तेवढंच काढलं."

मिश्रासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रहे हैं?"

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भाषांतर केलं. जितकं मऊ करता येईल तितकं मऊ करून केलं.

मिश्रासाहेबांनी त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "तो..." ते म्हणाले, "तो आपको लाल कहना था!"

बापूसाहेबांची छाती पुन्हा पुढे आली. हिंदीही परत आली. "वही तो कहा था, हुज़ूर!"

त्यावर तो करारी माणूस जो हसायला लागला! चष्मा काढून डोळे पुसले. कारकुनाला म्हणाले, "काटिए जो लिखा है. लिखिए, नक़्शा उत्तम है." मग हसू आवरून हळूच म्हणाले, "मगर दफ़्तर नहीं रुकेगा."

नाहीच राहिलं. नोव्हेंबरात नवं राज्य झालं आणि आमचं खातं रायपूरला गेलं. पडावावर दगडांच्या पेट्या शेवटच्या चढल्या. म्हाताऱ्या हमालाने विचारलं, "अब कब लौटेंगे?" मी म्हटलं, "अब नहीं लौटेंगे." त्याने पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "चलो, इनको भी ठिकानो मिल गओ." मोठे साहेब आणि बापूसाहेब पेन्शनीत गेले. लाखनच्या गावाला सडक झाली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी झाली, खडी वाहून न्यायला. लाल पट्ट्यातला माझा एक आवडता कडा त्या खडीत गेला. मी नकाशा केला नसता तर तो वाचला असता का, कोण जाणे. रुखरुख आहे खरी.

निघायच्या आधी मी बापूसाहेबांचा निरोप घ्यायला गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. त्यांनी बोलूच दिलं नाही. त्यांच्यापुढे हिंदुस्थानचा एक चिमुकला नकाशा पसरलेला होता, शाळेच्या पुस्तकातला.

"रायपूर बघून राहिलो होतो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं फार दूर आहे. तर हे बघा. चार बोटं! बिलकुल शेजारी."

"बापूसाहेब, स्केल..."

"स्केल मला शिकवू नका," ते गरजले. मग आतल्या दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "शरयूला विचारलं. ती म्हणते, बाबा, मी जाईन. बरणीतला दगड तिने आधीच बांधून ठेवला आहे."

मला तिथे रडू आलं. लाजायचं कशाला, आलं. बापूसाहेबांनी मला रुमाल दिला आणि मग तो परत मागून घेतला, कारण त्यांनाही लागला.

लग्नाचा शालू घ्यायला आम्ही नया बाजारातल्या दुकानात गेलो. बापूसाहेब, शरयू, आई आणि मी. दुकानदार हिंदी माणूस, नम्र, चटपटीत. बापूसाहेब गादीवर मांडी घालून बसले, टोपी सारखी केली आणि आपल्या सर्वोत्तम हिंदीत म्हणाले, "भैया, लड़की की शादी है. बढ़िया तांबडी दिखाओ."

मी डोळे मिटून घेतले. आईने पदर तोंडाला लावला. दुकानदार "अभी लीजिए" म्हणाला, आत गेला, आणि त्याने आणून फर्रकन पसरला तो शालू अस्सल तांब्याच्या रंगाचा! नव्या कोऱ्या भांड्यासारखा झळाळणारा. बापूसाहेबांनी शालूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात कानावरच्या, तिथे नसलेल्या, पेन्सिलीकडे गेला.

शरयूने पुढे होऊन शालू खांद्यावर टाकून बघितला. "बाबा," ती म्हणाली, "हाच."

त्या सगळ्या टापूत मला सापडलेलं तांबं एवढंच. अजून आमच्या कपाटात आहे.